जीझस अँड मेरी चेन: आठ अल्बम कशावर, कोणत्या क्रमाने आणि कसे ऐकायचे

"लावलं, दोन गाण्यांत बंद केलं. नुसती खरखर आहे हो." या बँडबद्दल हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचे प्रश्न तोंडपाठ झालेत. कशावर लावलं? फोनच्या स्पीकरवर. काय लावलं? 'सायकोकँडी', म्हणजे त्यांचा पहिला अल्बम, कारण सगळे तेच सांगतात. शफल चालू होतं का? म्हणजे काय? बस्स. कान ठीक असतात, घोळ तयारीत आणि क्रमात असतो.

म्हणून हा लेख. बँड थोर का, ही चर्चा इथे नाही. एवढंच लक्षात घ्या: स्कॉटलंडमधल्या ईस्ट किलब्राइड गावचे जिम आणि विल्यम रीड हे दोन भाऊ, 1985 ते 2024 या काळात आठ स्टुडिओ अल्बम, आणि जवळजवळ प्रत्येक गाण्यात दोन थर. खालच्या थरात साधी, गोड, चटकन गुणगुणता येणारी चाल, साठच्या दशकातल्या अमेरिकी पॉप गाण्यांच्या वळणाची. वरच्या थरात गिटारचा गोंगाट. अल्बमगणिक या वरच्या थराची जाडी बदलत जाते. आधी खालचा थर ओळखायला शिकायचं आणि मग गोंगाटात शिरायचं, पुढचा सगळा क्रम याच हिशेबाने लावलाय.

दहा-बारा संध्याकाळी लागतील. रविवारी एका दमात उरकायला बसलात तर चौथ्या अल्बमपाशी डोकं भणभणेल आणि दोष बँडला द्याल.

## पायरी 1: यंत्र आधी सरळ करा

फोनचा स्पीकर या बँडसाठी बाद. त्यातून खालचे स्वर येतच नाहीत. बास आणि मोठा ड्रम गायब होतात, उरते वरची किंचाळी. त्यात माणसाचा कान साधारण 2 ते 5 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, आणि गिटारचा कर्कशपणा नेमका तिथेच येऊन बसतो. म्हणजे जे सर्वांत जास्त टोचतं तेवढंच तुम्ही ऐकता. कानावर नीट बसणारे साधे वायरवाले हेडफोन चालतील, घरात बरे स्पीकर असतील तर उत्तम. महागडं काही नको. हे मुळात काटकसरीत बनवलेलं संगीत आहे. वडिलांची कारखान्यातली नोकरी गेली, त्या वेळी मिळालेल्या पैशांतून या भावांनी चार ट्रॅकचं घरगुती पोर्टास्टुडिओ यंत्र घेतलं आणि त्यावर पहिल्या चाली टेप केल्या.

आता अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जा आणि पाच गोष्टी बघा.

1. शफल बंद, म्हणजे गाणी उलटसुलट न लागता अल्बमच्या क्रमाने लागतील.
2. ऑटोप्ले बंद. अल्बम संपला की अ‍ॅप आपल्या मनाने दुसऱ्याच बँडचं गाणं सुरू करतं. एका मित्राने असं लागलेलं परकं गाणं कित्येक महिने याच बँडचं म्हणून आवडीने ऐकलं.
3. क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणारी सेटिंग) शून्यावर.
4. सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारी नॉर्मलायझेशनची सेटिंग बंद.
5. इक्वलायझर (खालचे-वरचे स्वर कमी-जास्त करणारी सेटिंग) सपाट. बास वाढवलेला नको, ट्रेबल, म्हणजे वरचे स्वर, तर मुळीच नकोत.

चौथा मुद्दा लोक हटकून सोडतात. या बँडच्या अल्बममध्ये एक गाणं हळू आणि पुढचं अंगावर येणारं, अशी मुद्दाम केलेली मांडणी असते. गाणी सुटी सुटी लावली आणि यंत्राने दोन्ही एका पातळीवर आणली की तो धक्का गेला.

तपासणी: 'सायकोकँडी'वरची 'कट डेड' आणि 'इन अ होल' ही दोन गाणी लागून आहेत. दोन्हींचा एकेक मिनिट सुटा सुटा लावून पाहा. दुसऱ्यावर येताच दचकायला झालं तर यंत्र ठीक आहे. फरक जाणवलाच नाही तर एखादी सेटिंग अजून चालू आहे.

सावधान: "हे मोठ्याने ऐकायचं संगीत आहे" असा सल्ला देणारे भेटतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास ऐकणं सुरक्षित, पण 90 डेसिबलला ते चार तासांवर येतं. हेडफोनवर फीडबॅक (गिटारची घुमणारी शिट्टी, पायरी 5 मध्ये सविस्तर) ऐकताना नेहमीपेक्षा एक-दोन घरं कमीच ठेवा. बैठक संपल्यावर कानात शिट्टी राहिली असेल तर आवाज जास्त झाला होता, दुसऱ्या दिवशी विश्रांती.

## पायरी 2: अल्बम कोणते आणि बाकीचं काय, हे वेगळं करा

बँडच्या नावाखाली अ‍ॅपमध्ये पन्नास चित्रं दिसतात आणि त्यात स्टुडिओ अल्बम, सिंगल (सुटी विकलेली गाणी), बी-साइडचे (सिंगलच्या मागच्या बाजूच्या गाण्यांचे) संग्रह, लाइव्ह, सगळं एकाच रांगेत उभं असतं. लोक संग्रहालाच अल्बम समजून बसतात आणि "1988 साली हे असे बदलले" असले निष्कर्ष काढतात. कागद घ्या आणि ही आठ नावं लिहून काढा:

1. सायकोकँडी, 1985
2. डार्कलँड्स, 1987
3. ऑटोमॅटिक, 1989
4. हनीज डेड, 1992
5. स्टोन्ड अँड डीथ्रोन्ड, 1994
6. मंकी, 1998
7. डॅमेज अँड जॉय, 2017
8. ग्लासगो आइज, 2024

यात नसलेलं काहीही स्टुडिओ अल्बम नाही. 'बार्ब्ड वायर किसेस' (1988) आणि 'द साउंड ऑफ स्पीड' (1993) हे बी-साइड आणि सुट्या गाण्यांचे संग्रह. 'हेट रॉक एन रोल' (1995) हा अमेरिकेतला तसाच संग्रह. '21 सिंगल्स' (2002) म्हणजे नावाप्रमाणे एकवीस सिंगल. 'द पॉवर ऑफ निगेटिव्ह थिंकिंग' (2008) हा चार सीडींचा खजिना, पण तो शेवटी.

'21 सिंगल्स'पासून सुरुवात केली तर? हा प्रश्न येणारच. चालेल, पण त्याचं पहिलं गाणं आहे 'अपसाइड डाउन', बँडच्या सर्वांत कर्कश रेकॉर्डिंगांपैकी एक. दारातच ठेच लागते.

सावधान: फोनवर फायली साठवत असाल तर वर्षाच्या रकान्यात मूळ वर्ष घाला. पुनर्मुद्रित प्रतींवर 2006 किंवा 2011 असं काहीबाही चिकटलेलं येतं आणि 'डार्कलँड्स' एकदम 'मंकी'च्या खाली जाऊन बसतो. तसंच बँडच्या नावात कुठे 'द' आहे, कुठे नाही. 'अँड' कुठे अक्षरांत, कुठे चिन्हात. एकच रूप धरा, नाहीतर एका बँडचे तीन बँड होतात.

## पायरी 3: कोणती आवृत्ती ऐकायची

पहिल्यांदा ऐकताना मूळ गाणी मूळ क्रमाने, वर एकही जास्त नाही.

'सायकोकँडी'च्या मूळ एलपीवर, म्हणजे मोठ्या तबकडीवर, चौदा गाणी आहेत, सगळी मिळून चाळीस मिनिटांच्या आत. काही सीडींवर मध्येच 'सम कँडी टॉकिंग' घुसवलेलं आहे. ते 1986 च्या ईपीचं (मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डचं) गाणं, अल्बमनंतरचं. गाणं सुंदर आहे, जागा चुकीची आहे. 'ऑटोमॅटिक'च्या एलपीवर दहा, सीडीवर 'ड्रॉप' आणि 'सनरे' धरून बारा. तिथे मी बाराला हरकत घेत नाही, कारण ती दोन शेवटी आहेत, मधला ओघ तोडत नाहीत.

2011 मध्ये निघालेल्या विस्तारित आवृत्त्या भरगच्च आहेत: डेमो (कच्ची रेकॉर्डिंगं), रेडिओसाठीची रेकॉर्डिंगं, बी-साइड. 'जस्ट लाइक हनी' तीन वेळा ऐकून कंटाळलेला माणूस बहुधा अशीच आवृत्ती सलग लावून बसलेला असतो. त्यातली मूळ गाणी तेवढी निवडून आपली यादी बनवा. पाच मिनिटांचं काम आहे.

तपासणी: तुमच्या यादीत 'सायकोकँडी'ची सुरुवात 'जस्ट लाइक हनी'ने आणि शेवट 'इट्स सो हार्ड'ने होतो का? आणि गाणी एकूण चौदाच का? मग पुढे.

## पायरी 4: पहिली बैठक, 'डार्कलँड्स'

दुसरा अल्बम आधी. इथे माझ्याशी भांडणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं म्हणणंही मला कळतं: ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ऐकावेत. पण ते सगळे लोक बँड आधीच आवडणारे असतात. नव्या माणसाला 'डार्कलँड्स'मध्ये गोंगाटाचा थर बाजूला काढून ठेवलेला मिळतो. ढोलाच्या जागी ड्रम मशीन, गिटार स्वच्छ, गाणाऱ्याचा आवाज पुढे. या दोघांना गाणं रचता येतं ही गोष्ट इथे उघड्यावर दिसते. 'एप्रिल स्काइज' ब्रिटनच्या खपाच्या यादीत आठव्या क्रमांकावर गेलं होतं, त्यांचं तिथलं सर्वांत वरचं सिंगल.

दोनदा ऐका. पहिल्यांदा काहीही न करता.

दुसऱ्यांदा ऐकताना एक काम: कोण गातंय ते ओळखा. बहुतेक गाणी जिम गातो. विल्यम गातो ती तीन: शीर्षकगीत 'डार्कलँड्स', 'नाइन मिलियन रेनी डेज' आणि 'ऑन द वॉल'. भावांचे आवाज सारखे, दोघंही पुटपुटल्यासारखं गातात, म्हणून सुरुवातीला एकच माणूस वाटतो. फरक एकदा कानात बसला की पुढच्या सहा अल्बमांत फार उपयोगी पडतो, विशेषतः 'मंकी'त.

तपासणी: दुसऱ्या दिवशी सकाळी, काहीही न लावता, 'हॅपी व्हेन इट रेन्स'ची चाल गुणगुणता येते का? शब्द नकोत, नुसती चाल. येत नसेल तर अजून एकदा 'डार्कलँड्स'. इथून घाईने पुढे गेलेला माणूस नेमका पुढच्या पायरीवर घसरतो.

## पायरी 5: दुसरी बैठक, 'सायकोकँडी'

खरं काम इथे आहे, म्हणून इथे वेळ काढू.

आधी फीडबॅक म्हणजे काय ते. लग्नाच्या हॉलमध्ये कुणी माइक घेऊन स्पीकरसमोर जातं आणि कूंऽऽ अशी शिट्टी घुमते, तेच. स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा शिरतो. गिटारच्या बाबतीत माइकच्या जागी तार आणि तिचा आवाज टिपणारा पिकअप. विल्यमची ग्रेच गिटार आतून पोकळ, त्यामुळे ती लवकर घुमते, त्यात जपानी शिन-एई कंपनीचं फझ पेडल, म्हणजे आवाज खरखरीत करणारं यंत्र. हॉलमधला साउंडवाला शिट्टी आली की धावत येऊन बटण खाली करतो. हे लोक तशीच चालू ठेवतात आणि तिच्या खाली गाणं गातात.

बाकी वाद्यं बघितली की या आवाजाला एवढी मोकळी जागा कशी मिळाली ते कळतं. बॉबी गिलेस्पी उभ्याने वाजवायचा, समोर दोनच ड्रम: एक कडकडीत आवाजाचा स्नेअर, एक खालच्या आवाजाचा मोठा फ्लोअर टॉम. झांजांचा पसारा नाही. डग्लस हार्टच्या बास गिटारवर तारा दोनच. म्हणजे खाली ठोका आणि दोन तारा, मध्ये पुटपुटता आवाज, वरचा अख्खा मजला रिकामा. तिथे गोंगाट राहायला आला.

आता तीन फेऱ्या. एका संध्याकाळी एकच.

फेरी पहिली: चार गाणी, या क्रमाने. 'जस्ट लाइक हनी', 'कट डेड', 'सोइंग सीड्स', 'टेस्ट ऑफ सिंडी'. पहिल्याच्या सुरुवातीचा ठोका ओळखीचा वाटेल. तो रॉनेट्स या अमेरिकी गायिकांच्या गटाच्या 1963 मधल्या 'बी माय बेबी'च्या सुरुवातीचा आहे, आणि 'सोइंग सीड्स'मध्येही त्याची सावली आहे. 'कट डेड'मध्ये गोंगाट जवळजवळ नाहीच.

'टेस्ट ऑफ सिंडी'साठी एक युक्ती. 'सम कँडी टॉकिंग' ईपीवर याच गाण्याची अकूस्टिक आवृत्ती आहे. आधी ती ऐका. मग लगेच अल्बमवरची. तेच गाणं, तेच शब्द, वर नुसता तारांचा वणवा. थर म्हणजे काय, हे सांगून जेवढं कळत नाही तेवढं या चार मिनिटांत कळतं. सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

फेरी दुसरी: अख्खा अल्बम, लक्ष फक्त गाणाऱ्याच्या आवाजावर. गिटारकडे बघायचंच नाही. पावसात बोलणाऱ्या माणसाचं बोलणं आपण कसं टिपतो, पाऊस ऐकत बसत नाही, तसं. 'नेव्हर अंडरस्टँड' आणि 'यू ट्रिप मी अप' या दोन ठिकाणी बहुतेकांचं लक्ष सुटतं. सुटलं तर गाणं मागे न्या, आवाज वाढवू नका. वाढवला की आधी गोंगाट वाढतो.

फेरी तिसरी: आता गिटार. तुम्हाला चाल माहीत आहे, त्यामुळे गोंगाट कुठे येतो, कुठे एकदम तुटतो, ओळीच्या शेवटी कसा वर चढतो हे दिसायला लागतं. 'इन अ होल' इथे पुन्हा ऐका. पहिल्या दिवशी जी भिंत वाटली होती तिला आता खिडक्या दिसतात.

सावधान: लोकलमध्ये, बसमध्ये किंवा स्कूटरवर ही बैठक करू नका. गाडीचा खडखडाट आणि फीडबॅक एकाच रंगाचे, कान वेगळे काढू शकत नाही. मग माणूस आवाज वाढवतो, आणि वरची डेसिबलची सूचना पाण्यात.

तपासणी: 'नेव्हर अंडरस्टँड'ची चाल शिट्टीवर वाजवता येते का? हो असेल तर सर्वांत कठीण घाट उतरलात.

## पायरी 6: सुटी सिंगल आणि बी-साइड, आत्ताच

ही पायरी गाळणारे सर्वांत जास्त. "अल्बम झाले की मग बघू" म्हणतात आणि मग ते बघणं होत नाही. पण या बँडची काही महत्त्वाची गाणी कुठल्याच अल्बमवर नाहीत.

'अपसाइड डाउन', नोव्हेंबर 1984, क्रिएशन रेकॉर्ड्स. पहिलं सिंगल, अल्बमवर नाही. 'सम कँडी टॉकिंग', 1986, ब्रिटनमध्ये तेरावं, मूळ अल्बमवर नाही. 'साइडवॉकिंग', 1988, तेही नाही. आणि 'डार्कलँड्स'कडून 'ऑटोमॅटिक'कडे जाणारा पूल तेच आहे. पूल न ओलांडता पलीकडे गेलात तर "हे अचानक मशीनसारखे का वाजायला लागले?" असं होतं.

यासाठी 'बार्ब्ड वायर किसेस' घ्या. त्यात 'अपसाइड डाउन' आहे, 'साइडवॉकिंग' आहे, बीच बॉइजच्या 'सर्फिन यूएसए'ची चिरफाड आहे, आणि 'ऑन द वॉल'चा पोर्टास्टुडिओवरचा कच्चा डेमो आहे. हा डेमो 'डार्कलँड्स'वरच्या पक्क्या रूपाशेजारी लावून ऐका.

सावधान: 'सायकोकँडी' नावाचं गाणं 'सायकोकँडी' अल्बमवर नाही. ते 'सम कँडी टॉकिंग' ईपीवरचं, आणि या संग्रहात आहे. फायलींना आपोआप नावं देणारी सॉफ्टवेअर कधी कधी ते उचलून अल्बमच्या फोल्डरमध्ये टाकतात आणि चौदाची पंधरा होतात. यादी चुकतेय असं वाटलं तर आधी इथे बघा.

## पायरी 7: 'ऑटोमॅटिक' आणि 'हनीज डेड'

हे दोन लागोपाठच्या संध्याकाळी, आणि लक्ष तालावर.

'ऑटोमॅटिक'चे ड्रम प्रोग्रॅम केलेले, बासही बव्हंशी सिंथेसायझरचा. त्या काळी यावर पुष्कळ नाकं मुरडली गेली. मला विचाराल तर अर्धा अल्बम फार चांगला आणि अर्धा एकाच साच्यातला. 'ब्लूज फ्रॉम अ गन' अमेरिकेच्या मॉडर्न रॉक यादीत पहिलं आलं होतं. 'हेड ऑन' पुढे पिक्सीज या अमेरिकी बँडने 1991 मध्ये आपल्या अल्बमवर घेतलं. नव्या पिढीतले कित्येक ते त्यांचंच समजतात.

ऐकताना एक खेळ: या अल्बमवर एकाच गाण्यात माणसाने वाजवलेले ड्रम आहेत. कोणतं ते शोधा. (उत्तर: 'गिम्मी हेल'. आधी वाचलंत तर तुमचा तोटा.)

'हनीज डेड'मध्ये खरा ड्रमवाला परत येतो, स्टीव्ह मॉन्टी, आणि मशीनही शेजारी राहतं. अल्बम त्यांनी लंडनमधल्या स्वतःच्या 'ड्रगस्टोअर' स्टुडिओत केला. पहिलं गाणं 'रेव्हरन्स'. मृत्यू आणि येशू एकत्र आणणाऱ्या शब्दांमुळे बीबीसीने ते वाजवायला नकार दिला, तरी ते ब्रिटनमध्ये दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. शेवटचं गाणं 'फ्रीक्वेन्सी' त्याच 'रेव्हरन्स'कडे परत वळतं. शफल बंद ठेवायला का सांगितलं ते इथे पुन्हा कळेल.

'रोलरकोस्टर' 1990 च्या ईपीवरही आहे आणि या अल्बमवरही. दोन्ही ठेवा, "डुप्लिकेट" म्हणून एक पुसून टाकू नका.

तपासणी: 'जस्ट लाइक हनी', 'एप्रिल स्काइज', 'हेड ऑन', 'रेव्हरन्स'. चार अल्बम, चार सुरुवाती. डोळे मिटून प्रत्येकाची पहिली दहा सेकंदं ऐका आणि अल्बमचं नाव सांगा. तीन बरोबर आले तरी पुरे.

## पायरी 8: 'स्टोन्ड अँड डीथ्रोन्ड' आणि 'मंकी'

दोन्हींवर सतरा-सतरा गाणी. त्यामुळे एकेका बैठकीत एकच, आणि नवव्या गाण्यापाशी चहा.

'स्टोन्ड अँड डीथ्रोन्ड' शांत आहे, अकूस्टिक गिटारींवर चालणारा. अपेक्षाभंग होऊ नये म्हणून आधीच सांगतो: इथे गोंगाट शोधू नका. गायिका होप सँडोव्हालबरोबरचं 'समटाइम्स ऑलवेज' हे दोघांचं सवाल-जवाबासारखं गाणं आहे, आणि 'गॉड हेल्प मी' हे पोग्ज बँडच्या शेन मॅकगोवनने गायलंय. दमलेल्या आवाजात दमलेलं गाणं. मला या अल्बमवरचं सर्वांत प्रिय तेच.

'मंकी' मात्र भांडणाचा अल्बम आहे. पहिलं गाणं 'आय लव्ह रॉक एन रोल', जिमचं. शेवटचं 'आय हेट रॉक एन रोल', विल्यमचं. पायरी 4 मध्ये आवाज ओळखायला शिकलात ते इथे कामाला येतं: कोणतं गाणं कुणाचं याची खूण करत जा, मग एका अल्बमच्या आत दोन भाऊ पाठीला पाठ लावून बसलेले दिसतील. 'मो टकर' त्यांची बहीण लिंडा गाते. सप्टेंबर 1998 मध्ये लॉस एंजेलिसच्या हाउस ऑफ ब्लूजमध्ये विल्यम मंचावरून निघून गेला आणि पुढच्या वर्षी बँड संपल्याचं जाहीर झालं.

सावधान: हे 'आय लव्ह रॉक एन रोल' म्हणजे अमेरिकी गायिका जोन जेटमुळे जगभर गाजलेलं गाणं नव्हे. नाव तेच, गाणं यांचं स्वतःचं. शोधताना बँडचं नाव जोडा.

## पायरी 9: मधली मोकळी जागा, मग शेवटचे दोन

1998 ते 2017 एकही स्टुडिओ अल्बम नाही. लोक इथून उडी मारून थेट 'डॅमेज अँड जॉय'वर जातात आणि म्हणतात, यातली काही गाणी जुनी वाटतात. वाटतात कारण आहेत. मधल्या काळात जिम 'फ्रीहीट'मध्ये होता, विल्यम 'लेझीकेम' नावाने रेकॉर्ड काढत होता, आणि लिंडाच्या 'सिस्टर व्हॅनिला'ला दोघांनी हात लावला होता. तिथली काही गाणी 'डॅमेज अँड जॉय'साठी नव्याने रेकॉर्ड केली: 'कान्ट स्टॉप द रॉक' हे सिस्टर व्हॅनिलाचं, 'द टू ऑफ अस' फ्रीहीटचं. जुनं रूप मिळालं तर आधी ते ऐका, नाही मिळालं तर अडत नाही. 2007 मध्ये कोचेला महोत्सवात ते पुन्हा एकत्र आले होते, पण अल्बमला आणखी दहा वर्षं गेली.

'ग्लासगो आइज' त्यांनी ग्लासगोत मोग्वाई बँडच्या 'कॅसल ऑफ डूम' स्टुडिओत केला. सिंथेसायझर पुष्कळ, विनोद कोरडा. हा अल्बम पहिल्या बैठकीत ऐकलात तर काहीच हाती लागत नाही. नवव्या पायरीवर तो आधीच्या सात अल्बमांकडे तिरक्या नजरेने बघत असल्यासारखा ऐकू येतो.

## मध्येच अडलात तर

डोकं दुखतंय: आवाज कमी करा, मग 'डार्कलँड्स'. ट्रेबल तपासा.

सगळी गाणी सारखी वाटतात: सलग जास्त ऐकताय. दिवसाला एक अल्बम.

शब्द कळत नाहीत: इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही कळत नाहीत. छापील शब्द समोर ठेवून एकदा वाचा, मग कागद बाजूला. हातात कागद धरून ऐकलं की आपण वाचत बसतो.

कंटाळा आला, पण सोडवत नाही: 'द साउंड ऑफ स्पीड' मध्येच कुठेही उघडा. त्याला क्रम नाही.

## पायरी 10: परत 'सायकोकँडी', तीस वर्षांनी

2014 च्या नोव्हेंबरात बँडने ग्लासगोच्या बॅरोलँड सभागृहात 'सायकोकँडी' पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला, आणि 2015 मध्ये ते रेकॉर्डिंग 'लाइव्ह अ‍ॅट बॅरोलँड्स' म्हणून निघालं. सगळं संपल्यावर हे लावा, शक्यतो स्पीकरवर. दोन ड्रमच्या जागी आता पूर्ण संच, गिटारी भरीव, गाणारा जिम पन्नाशी ओलांडलेला. 'इन अ होल' आलं की पहिल्या दिवशीची तपासणी आठवून आवाज तेवढाच ठेवून बघा.

आणि फाइल साठवताना हा अल्बम वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. दोन्हींत गाण्यांची नावं तीच, त्यामुळे एकत्र गेले की 1985 चं 'जस्ट लाइक हनी' लावायला जाल आणि आधी टाळ्या ऐकू येतील.